बंबाशेजारचा पाट

आमच्या बेंगळुरातल्या घरी गरम पाणी मागावं लागे. पंचा खांद्यावर टाकून न्हाणीघराच्या दाराशी उभं राहायचं आणि विचारायचं, "अक्का, पाणी झालं?" तांब्याच्या बंबाशेजारी पाटावर बसलेली अक्का बंबाला बोटानं टिचकी मारून आवाज ऐकायची आणि म्हणायची, "स्वल्प थांब."

अक्का म्हणजे वडिलांची थोरली बहीण. माझी ती आत्या. पण वडील अक्का म्हणत म्हणून आई, मी, शेजारी, दूधवाला, सगळ्यांचीच ती अक्का झाली. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. आमचं घराणं कित्येक पिढ्या इकडचं. पुण्याहून आलेले पाहुणे आमचं मराठी ऐकून सौजन्यानं हसत, आणि अक्का त्यांना सौजन्यानं पाण्यासाठी थांबवून ठेवी.

विशीत नवरा गेल्यावर ती भावाकडे आली आणि बंब तिनं आपणहून ताब्यात घेतला. स्वयंपाकघर आईचं, देवघर अण्णांचं, आणि न्हाणीघर तिचं. करवंट्या, सुरूच्या काटक्या, नारळाच्या शेंड्या सगळं कोपऱ्यात रचून ठेवलेलं असे. तिचं 'स्वल्प' पाच मिनिटांपासून पंधरा मिनिटांपर्यंत कितीही लांबायचं, आणि तेवढ्या वेळात माणूस काही ना काही बोलून जायचा. कचेरीत साहेबानं फायलीवर मारलेला शेरा अण्णा आईला सांगत नसत, पण पंचा लावून उभे असताना अक्काला सांगत. आई तिथं माहेरच्या चिंता सांगे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी गणितात नापास झाले, तेही मी तिथंच सांगितलं.

तिनं बंबात एक करवंटी टाकली आणि म्हणाली, "पुन्हा बस. मी कुणाला बोलत नाही."

बोललीही नाही. मी पुन्हा बसले, पास झाले, आणि अण्णांना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढं दोनएक वर्षांनी बंबाखालची राख ओली दिसू लागली. अण्णांनी पेठेतल्या तांबटाला बोलावलं. त्यानं बंब आडवा करून पाहिला आणि सांगितलं की अंग धडधाकट आहे, बूड तेवढं नवं बसवायला हवं. आठ दिवस द्या, मग नातवंडंही यातच न्हातील. अण्णा विचार करून सांगतो म्हणाले. ते सरकारी कचेरीत होते, त्यामुळे विचार तीन महिने चालला. मधल्या काळात गळती आपोआप थांबली. बंबाला अक्कल आली, असा निष्कर्ष अण्णांनी काढला.

परीक्षेच्या दिवसांत एकदा पहाटे लवकर उठले, तर अक्का न्हाणीघरात बंब कलता करून त्याच्या सांध्यात बोटानं काहीतरी भरत होती. चुना आणि गूळ एकत्र कुटून केलेला लगदा. वाळला की एक दिवस टिकतो, म्हणाली. रोज पहाटे ती हे करत होती.

"घरात सांगू नको हं," ती म्हणाली. "गळतो म्हटलं की काढून टाकतील. मग सकाळी मी बसू कुठं?"

मी नाही सांगत म्हणाले.

अण्णांचे एक चुलतभाऊ मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. हुद्दा गेला तरी दारावरची पाटी गेली नव्हती. त्यांच्या घरी विजेचा गीझर होता आणि पाहुण्यांना कॉफीच्या आधी तो दाखवला जाई. एका रविवारी ते आमच्याकडे जेवायला आले आणि बंबाचा विषय निघाला. त्यांनी धूर, स्त्रियांचे डोळे आणि नवं युग यांवर बराच वेळ बोलून घेतलं. मी तेव्हा पुष्कळ वाचत होते आणि मोठ्या माणसांसमोर चटपटीत बोलायची मला हौस होती. मी म्हणाले, "आमच्या बंबाला रोज पहाटे गुळाचा नैवेद्य असतो, काका," आणि सगळं रंगवून सांगितलं.

सगळे हसले. अक्का ताक वाढत होती, तीही हसली. माझ्या पानाशी आली तेव्हा तिनं वाटी भरली आणि पुढं गेली.

अण्णांचं हसू मात्र मधेच थांबलं. "अक्का, साठी आली तुला. आणि पहाटे उठून भोकं बुजवतेस? पुरे झालं तुझं राबणं. गीझर आणू या."

ही माया होती, आणि तिच्याविरुद्ध बोलायची घरात पद्धत नव्हती. अक्का म्हणाली, "सरी, आणा." तिनं मला पहाटे काय विचारलं होतं, ते मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी ताकभात जेवले.

गीझर आला. नारळ फुटला, काकांनी बटण दाबलं, तांबडा दिवा लागला. पाणी तापायला वीस मिनिटं लागली आणि काकांचं भाषणही तेवढंच झालं. जुना बंब तांबट घेऊन गेला. जाताना त्यानं बुडाच्या सांध्यातला लगदा नखानं खरवडून पाहिला.

अक्काला आता सगळे आराम कर म्हणत. पहिले काही दिवस ती पहाटे उठून न्हाणीघरातच पाटावर बसली. आम्ही पंचा घेऊन जात असू आणि ती उठायची वाट पाहत असू. मग पाट स्वयंपाकघरात गेला, तिथं आईच्या पायात येऊ लागला, म्हणून ओसरीवर आला. ओसरीवर सकाळी कुणालाच काही काम नसतं.

दिवाळीच्या तोंडावर ती तुमकुरूला सासरकडच्या एका भाचीकडे जाऊन येते म्हणून गेली. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे पाणी भरायचा सण असतो. बंब चिंचेनं लखलखीत घासायचा, चुन्याचे पट्टे ओढायचे, गळ्यात वेल बांधायची, नवं पाणी भरायचं. हे दरवर्षी अक्का करी. त्या वर्षी आई वेल हातात घेऊन छताजवळ टांगलेल्या गीझरकडे बघत उभी राहिली, आणि शेवटी तिनं ती बादलीला बांधली.

आज माझ्या घरी पाणी कधीही गरम असतं. तरी पंचा घेतला की मी दाराशी जराशी थांबते. 'स्वल्प थांब' असं कुणी म्हणत नाही.

त्या वर्षी दिवाळी झाली तरी अक्का परतली नाही. माझ्या नावानं तिचं कार्ड आलं. "इकडे सर्व खुशाल. यांचा बंब जुना आहे, बुडाशी गळतो. गूळ इकडे चांगला मिळतो. मी इथंच राहीन म्हणते. तू अभ्यास कर."

अण्णांनी कार्ड माझ्या हातातून घेऊन दोनदा वाचलं. "पुन्हा गूळ कुटत बसणार? इथं काय कमी होतं तिला?" त्यांनी विचारलं.

मी माहीत नाही म्हणाले.