नैवेद्याआधीचा शिरा

साकीनाक्याच्या आमच्या ऑफिसात मी एकाच बाईच्या डब्यातलं निर्धास्त खात असे. ती अकाउंट्समध्ये, मी डिस्पॅचला. दोघी पन्नाशीला टेकलेल्या. ती चेंबूरहून येते, मी मुलुंडहून. बाकीच्यांशी माझं बोलणं कामापुरतं. त्याला कारण आहे.

आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव्हारा नाही. पूजेला बसायचं नाही, प्रसाद घ्यायचा नाही, हे आम्ही पाळतो. ऑफिसात मी हे कधी लपवलं नाही, आपण होऊन सांगितलंही नाही. सांगावं लागत नाही. नवा माणूस आधी आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, मग "अच्छा" म्हणून गप्प होतो. त्या "अच्छा"मध्ये काय आहे हे मी नोकरीला लागल्यापासून पारखत आले आहे.

बोलणारा मुख्यतः एकच, सेल्समधला. वयाने माझ्याएवढा, आवाज मोठा. त्याने एकदा माझ्या टेबलावर पोटावर हात ठेवून हसणारी प्लॅस्टिकची मूर्ती आणून ठेवली आणि म्हणाला, "घ्या मॅडम, तुमचा देव. वजन जरा वाढलंय." मी ती उचलून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. "हा बुद्ध नाही, आणि बुद्ध देव नाही," एवढंच म्हणाले. उपासाच्या दिवशी तो म्हणायचा, "मॅडमचं बरंय, देवच नाही तर उपास कसला." लोक हसायचे. कोण किती हसलं ते माझ्या लक्षात राहायचं.

अशा वेळी काय करायचं हे मी ठरवून ठेवलं होतं. खोटं हसायचं नाही. चिडून उत्तर द्यायचं नाही. वाक्य परत म्हणायला लावायचं. परत म्हणताना बहुतेक विनोद मरतात.

दर श्रावणात ऑफिसात सत्यनारायण असतो. खुर्च्या, चौरंग, केळीचे खांब, गुरुजींना आणायला गाडी, हे सगळं मी बघते. व्यवस्था हे माझंच काम. शिरा अकाउंट्सवाली घरून करून आणते. माझं पहिलं वर्ष होतं तेव्हा प्रसादाच्या वेळी मी गोडाऊनकडे निघून गेले. ते तिने पाहिलं. पुढच्या वर्षी पूजेच्या दिवशी सकाळी तिने मला बाजूला घेऊन एक छोटा डबा हातात दिला.

"शिरा आहे. घे."

"अगं, मी प्रसाद नाही घेत."

"हा प्रसाद नाहीये. नैवेद्य व्हायच्या आधी घरीच काढलाय. देवाला अजून माहीतच नाही."

तिच्या घरी नैवेद्य दाखवण्याआधी शिऱ्याची चवसुद्धा बघत नाहीत, हे मला ठाऊक होतं. माझा नियम राहावा म्हणून ती तिचा मोडत होती. मी गोडाऊनच्या टेबलावर बसून तो खाल्ला. मग दर वर्षी तसंच. हे आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

यंदा पूजेच्या काही दिवस आधी पाण्याच्या मशीनपाशी सेल्सवाला म्हणाला, "मॅडम, देवासाठी थोडा ठेवा हां. तुमचं पान आधी वाढतात म्हणे."

मी ग्लास खाली ठेवला. "काय म्हणालात? परत सांगा."

"अरे, मजाक होता यार."

"मजाकच सांगा. मला कळला नाही."

"तुम्ही लोक फार सिरियस घेता."

"आम्ही लोक म्हणजे कोण?"

तो फोन बघायला लागला. इतर पांगले. युक्ती चालली होती, पण तिकडे माझं लक्षच नव्हतं. हे याला सांगितलं कुणी?

मी नीट विचार केला. गोडाऊनमध्ये त्या वेळी कुणी नसतं. डबा मी धुऊनच परत करते. राहिली ती. सेल्सवाला चेंबूरलाच राहतो आणि कधीमधी तिला गाडीतून सोडतो, हे मला आधीपासून माहीत होतं. आता ते वेगळं दिसायला लागलं. मग मागचेही विनोद आठवले. माझा मुलगा विपश्यनेच्या शिबिरातून अर्ध्यात पळून आला होता. ही गोष्ट मी तिलाच सांगितली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत याने मला विचारलं होतं, "मध्येच पळून आलं तर निर्वाण कॅन्सल होतं का हो?" तेव्हा मी योगायोग समजले होते.

मी तिच्याबरोबर जेवणं बंद केलं.

"काय गं, डाएटवर आहेस?"

"काम आहे."

कामाचं सोंग मला चांगलं जमतं. डेस्कवर चपाती मोडताना मी बघत असे, तो हसला की ती हसते का. एकदा कुरियरच्या पावत्या घेऊन आत गेले तर दोघं बोलता बोलता थांबले. कदाचित बोलणं संपलंच असेल.

शेवटी मी परीक्षा घ्यायची ठरवली. तिला एकटीला गाठून सांगितलं, मुलीचं लग्न ठरतंय, आमच्या विहारात साधेपणाने करणार आहोत. धादांत खोटं. ती आनंदाने माझा दंड धरून म्हणाली, "अगं, आधी नाही बोललीस?" मग मी वाट बघत बसले, सेल्सवाल्याच्या तोंडून लग्नाचं काही येतंय का. आलं नाही. संशय कमी व्हायला हवा होता. पण मला वाटलं, हिला कळलेलं दिसतंय मी काय करतेय ते.

पूजेच्या तयारीची मीटिंग झाली. सर होते, आम्ही पाचसहा जण होतो. मी मुद्दे लिहून घेत होते. शिऱ्याचा विषय निघाल्यावर सेल्सवाला म्हणाला, "सर, यंदा बाहेरून मागवू."

"का? या करतात ना दर वर्षी."

"सोवळ्याचा प्रश्न आहे, सर. आधी कुणाकुणाला वाढायचं आणि उरलेला देवाला, हे बरं नाही दिसत."

सर गोंधळले. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते.

"मीच सांगितलं होतं याला, गाडीत," ती म्हणाली. "हा म्हणत होता, मॅडमचं सगळं ढोंग आहे, गुपचूप प्रसाद खातात. म्हणून सांगितलं, प्रसाद नाही खात ती, मी आधी काढून ठेवते. तुझं तोंड बंद व्हावं म्हणून सांगितलं होतं, रे. तू इथे आणलंस."

सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "ठीक आहे, वाद नको. शिरा बाहेरून येऊ दे."

"सर, एक मुद्दा राहिला," मी म्हणाले. "यांचा शिरा चालत नाही तो माझ्यामुळे, तेव्हा माझ्याबद्दल उघड बोला. मी पूजेला बसत नाही, प्रसाद घेत नाही. व्यवस्था दर वर्षी करते, यंदाही करीन. पण माझ्या धर्मावरून इथे जे रोज चालतं ते थांबायला हवं. लेखी देते हवं तर."

"लेखी कशाला, मॅडम."

"मग मिनिट्समध्ये घेते."

आणि मी सगळ्यांसमोर लिहिलं. तेव्हापासून सेल्सवाला माझ्यासमोर काही बोलत नाही. माझ्यामागे काय बोलतो ते मला कळायला मार्ग नाही.

मीटिंगनंतर ती पॅन्ट्रीत आली. "तुला वाटलं ना, मी तुझी चुगली केली?"

"सांगितलंस तूच."

"हो. पण तुझ्या बाजूने."

"आणि विपश्यनेचं?"

ती नळ सोडून उगाच हात धुवायला लागली. "तेही मीच. ते बाजूने वगैरे नव्हतं. गंमत म्हणून सांगितलं. तू स्वतः हसत होतीस सांगताना."

"तुझ्यासमोर हसत होते."

तिने नळ बंद केला. मग मीच सांगून टाकलं, मुलीचं लग्नबिग्न काही नाही. का सांगितलं होतं ते तिला लगेच कळलं.

"मी साडी बघून ठेवली होती गं," ती म्हणाली आणि निघून गेली.

पूजेला मिठाईवाल्याकडचा शिरा आला. सेल्सवाल्याने दोनदा घेतला. ती तीर्थ घेऊन जागेवर जाऊन बसली. शिरा तिने घेतला नाही. हे माझ्यासाठी की तिचा मान गेला म्हणून, याचा मी बराच विचार केला. विचारलं नाही. दोन्ही असेल.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी तिच्या टेबलाशी गेले. तिने फाइली सरकवून जागा केली. आता रोज एकत्रच जेवतो. घरचं काही सांगताना मी कधी कधी मध्येच थांबते. तिला ते कळतं, आणि ती भाजीत काय घातलंय ते विचारते.