पोस्टाच्या पाच पायऱ्या

"ठेव तिथं. आणि दहा पावलं मागं सर."

पोस्टमास्तर रोज हेच बोलायचा आणि मी रोज मागं सरायचो. रेवसच्या धक्क्याला मुंबईची आगबोट लागली की टपालाची थैली माझ्या डोक्यावर यायची. तिथून गाव तीन कोस. मिठागरांच्या बांधावरून, खाडीच्या चिखलातून, हातात घुंगुरकाठी. घुंगरं वाजली की गावातली शहाणीसुरती माणसं पोस्टाकडं पळत सुटायची. घुंगरं चालायची त्यांना. घुंगरंवाला नाही चालायचा.

पोस्टासमोर एक फत्तर होता. थैली त्याच्यावर ठेवायची. मग मास्तर तांब्या घेऊन यायचा, थैलीवर पाणी शिंपडायचा आणि उचलायचा. लाखेच्या सरकारी मोहरेवरसुद्धा पाणी! म्हणजे माझ्या डोक्यावर बसून सरकारही बाटलं.

आता त्या इमारतीची गंमत ऐका. मी लहान होतो तेव्हा तिथं नुसती घाणेरीची झुडपं होती. पोस्ट बांधायचं ठरलं आणि गावानं आमचा महारवाडा वेठीला धरला. खाणीतला जांभा माझ्या बापानं डोक्यावरून आणला. त्या पाच पायऱ्या त्यानं बसवल्या. खालून तिसरी बसवताना त्याचं बोट चिरडलं. चुना आमच्या बायकांनी मळला. तोवर विटाळ कुणाला आठवला नाही. कौलं चढली, पूजा झाली, आणि दुसऱ्या दिवशी बाप जरा पायरीवर टेकला तर शिपायानं त्याला काठीनं ढोसून उठवलं. "ही तुझी बसायची जागा हाय व्हय रे?" बाप हसला. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

मीही तसाच हसत होतो. खोटं कशाला सांगू? सरकारी नोकरी होती. पोट भरत होतं.

माझी थोरली बहीण, अक्का, मुंबईला दिलेली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. ती आजारी असल्याचं कानावर होतं. श्रावणात एक दिवस पाऊस नुसता झोडपत होता. थैली भिजू नये म्हणून मी माझी घोंगडी तिला गुंडाळली आणि स्वतः भिजत आलो. थैली कोरडी ठणठणीत पोचवली आणि घरी गेलो. त्या थैलीत माझंच पत्र होतं.

आमची पत्रं हातात देत नसत. फत्तरावर ठेवायची, वर गोटा. मास्तरनं माझंही तसंच ठेवलं. भर पावसात. सकाळी माझ्या हाताला लगदा लागला. चुलीपाशी धरून वाळवला. एक अक्षर उरलं नव्हतं.

मी मास्तरकडं रजा मागितली. म्हटलं, अक्काचंच काहीतरी असणार, जाऊन येतो.

"पत्र दाखव."

लगदा दाखवला.

"यात कुठं लिहिलंय?" मास्तर म्हणाला आणि आत गेला.

चौथ्या दिवशी रेवसला अक्काचा दीर बोटीतून उतरला. "का रे आला न्हाईस? दाराकडं बघत बघत गेली ती."

थैली तेव्हा माझ्या डोक्यावर होती. तशीच घेऊन चालत सुटलो. तीन कोस रडलो नाही. रडायचं नव्हतंच मला. महाडच्या तळ्यावर आमची माणसं ओंजळीनं पाणी प्याली, त्याला चार-पाच पावसाळे झाले होते. आणि मी अजून दहा पावलं मागं सरत होतो. थू माझ्या जिण्यावर!

पोस्ट आलं. फत्तराशी थांबलो नाही. एक, दोन, तीन, चार, पाच. थेट दारात.

"खाली उतर! माजलास काय?"

"उतरतो. आधी हातात घ्या."

गर्दी जमली. शिव्या सुरू झाल्या. मी हललो नाही. थैली किती वाजता पोचली ते मास्तरला लिहून वर धाडावं लागे. उशीर झाला की जाब त्यालाच. मला ते ठाऊक होतं. मुलगा दर्यावर असलेले एक म्हातारे मुसलमान व्यापारी शेवटी कावले, "मास्तर, घ्या की हातात! माझ्या पोराचा खत हाय त्यात." माझ्यासाठी नव्हते बोलले. पण बोलले.

मास्तरनं हातावर उपरणं ओढून हात पुढं केले.

"उपरणं काढा," मी म्हणालो.

काढलं त्यानं. उघड्या हातांनी थैली घेतली. मग मागच्या विहिरीवर जाऊन धो धो पावसात आंघोळ केली.

शिपाई मला म्हणाला, "नोकरी जाईल तुझी."

मी त्याला म्हटलं तेच आज म्हणतो. जाऊ दे. आहे तोवर थैली त्या फत्तराला टेकणार नाही. गेली तरी या पायऱ्या मी चढणार. मला पत्र धाडणारं आता कुणी नाही, तरी चढणार. मास्तरनं खुशाल रोज आंघोळ करावी. विहिरीला पाणी रग्गड आहे.