सुभेदारांच्या रिव्हॉल्वरचं बोट

सुभेदारांच्या रिव्हॉल्वरमधलं बोट माझ्या हातोडीखाली मोडलं, तेव्हा मालक पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाशी बोलत होते. आवाज काही मोठा झाला नाही. टिचकी मारावी तेवढाच. पण मला वाटलं, तो पार अजिंक्यताऱ्यावर ऐकू गेला असेल.

बोट म्हणजे काय, ते सांगतो. रिव्हॉल्वरचा घोडा मागे ओढला की आतली एक पोलादी पट्टी वर सरकते आणि सिलिंडरला, म्हणजे गोळ्यांच्या चक्राला, एक घर पुढे ढकलते. जपमाळेचा मणी सरकवावा तसं. साहेबलोक तिला हँड म्हणत, आम्ही कारागीर बोट म्हणायचो. ते मोडलं की सहा घरांचं हत्यार म्हणजे नुसतं लोखंड.

दुसऱ्या लढाईची वर्षं होती. मी साताऱ्यात एका परवानाधारक बंदूकवाल्याकडे मिस्त्री होतो. वय पंचवीस, हात चांगला, घाई फार. रिव्हॉल्वर विलायती होतं, पहिल्या लढाईच्याही आधीचं. सुभेदार खाशाबा मेसोपोटेमियात असताना त्यांच्या गोऱ्या कॅप्टननं ते त्यांना दिलं होतं. तक्रार एवढीच, की सिलिंडर जड फिरतंय. आतलं जुनं तेल वाळून राळेसारखं झालं होतं. एक दिवस रॉकेलमध्ये भिजत ठेवलं असतं तर काम झालं असतं. मी हातोडी घेतली.

रविवारी सुभेदार आले. मी म्हणालो, "सुभेदारसाहेब, आतला एक पार्ट मोडलेलाच होता. बाहेरून दिसत नव्हता."

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते माझ्याकडे बघताहेत की माझ्यामागच्या खिडकीकडे, ते कळत नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "मग कवा हुईल?"

"नवा पार्ट मिळाला की."

"मी येतो ऐतवारी."

आणि ते दर रविवारी येत राहिले. बाकावर बसत, दोन्ही हात काठीवर ठेवत, अर्ध्या तासानं उठून जात. एकदा मालकांकडून कळलं, की त्यांचा एकुलता मुलगा पलटणीत आहे आणि सिंगापूरकडे बेपत्ता झाल्याची तार आलेली आहे. त्या रविवारी मी मागच्या खोलीतून बाहेर आलोच नाही.

मालकांनी मुंबईला पत्र टाकलं. उत्तर आलं, की विलायतेहून स्पेअर पार्ट येणं बंद आहे. मग मी कानशीनं घासून बोट बनवायला बसलो. पहिलं मऊ राहिलं आणि वाकलं. दुसऱ्याला पाणी दिलं, म्हणजे लाल तापवून तेलात बुडवून कडक केलं. ते जरा जास्तच कडक झालं आणि पहिल्याच ओढीला तुटलं. खरी अडचण मापाची होती. मूळ बोटाचं टोक मोडून कुठे उडालं ते सापडलंच नव्हतं, आणि सगळा खेळ त्या टोकाचा असतो.

मालक जुनं रजिस्टर चाळत होते. "असलंच एक मागं सांगलीहून तेलपाण्याला आलं होतं," ते म्हणाले. "हळदीचे व्यापारी आहेत, जैन. तिकडं पडूनच असणार. जाऊन ये. पार्ट देतात का बघ. परवान्याचे कागद मी बघतो."

सातारा रोड स्टेशनला गाडीत बसलो. पौषातलं धुकं होतं. ऊस तुऱ्याला आला होता आणि धुक्यात नुसते तुरेच दिसत होते, खाली ऊस नसल्यासारखे. गाडी कुठल्याशा स्टेशनात थांबायची, कुणी उतरायचं नाही, कुणी चढायचं नाही, आणि पुन्हा ते पांढरे तुरे मागे सरकू लागायचे. मिरजेला गाडी बदलली तेव्हा ऊन पडलं होतं, तरी मी जागा झालो असं वाटेना.

सांगलीत त्या हळदीवाल्या बाळगोंडा अण्णांच्या पेढीत हवाच पिवळी होती. छपराच्या काचेतून उन्हाचा एक पट्टा खाली आला होता आणि त्यात हळदीची धूळ सावकाश फिरत होती. अण्णा साठीचे, अंगानं किरकोळ. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि तिजोरीतून पांढऱ्या उपरण्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर आणलं.

"थोरल्या भावाचं हाय," ते म्हणाले. "संस्थानचा खजिना न्यायचा असला की त्यो बरोबर जायचा. त्यो गेल्यापास्नं मी फडकं सोडलं न्हाई."

मी उघडून पाहिलं. तोच मेक, तेच मॉडेल. आतलं बोट नव्यासारखं.

"एक इचारू काय?" अण्णा म्हणाले. "ह्ये तिकडं बसवलं तर त्यातनं गोळी सुटंल?"

"सुटेल की. माझं कामच ते."

"मग मी कसं देऊ, सांगा बगू? माझं बंद पडंल, त्ये चांगलंच. पर त्येंचं चालू हुईल. आमच्यात मुंगी बगून पाऊल टाकत्यात. त्या मानसाला हत्यार कशाला पायजे?"

ते मलाही माहीत नव्हतं. इतके रविवार सुभेदार समोर बसले, पण मी कधी विचारलंच नव्हतं.

"दिवस मावळायच्या आत जेवून घेऊ," अण्णा म्हणाले. त्यांच्याकडे सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. जेवण झाल्यावर आम्ही कृष्णेच्या घाटावर गेलो. पाणी हलत नव्हतं. पलीकडचा काठ पाण्यात होता की पाण्यावर, ते सांगता येत नव्हतं. एक नाव मधोमध थांबलेली होती आणि नावाडी वल्हं मांडीवर घेऊन बसला होता. अशा वेळी माणूस नको ते बोलून जातो. मी म्हणालो, "अण्णा, ते बोट मी मोडलं. आणि त्यांना सांगितलं, की ते आधीच मोडलेलं होतं."

अण्णा घाटाच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "आता दोन गोष्टी झाल्या. एक त्येंना इचारून या. एक त्येंना सांगून या. मग बगू."

मी तसाच परत फिरलो आणि सुभेदारांच्या गावी गेलो. ते उंबऱ्यावर उन्हात बसले होते. आधी सोपी गोष्ट विचारली.

"सुभेदारसाहेब, रिव्हॉल्वर कशाला लागतंय तुम्हाला?"

"लागतंय कुटं?" ते म्हणाले. "काडतुसं तर मी लढाई लागली तवाच चौकीत जमा केली. पोरगं जाताना सांगून गेलं, आबा, दर ऐतवारी पुसून घ्या, साही घरं फिरवा, न्हाईतर गंजंल. तेवडं एकच काम दिलंय त्येनं मला."

मग मी अवघड गोष्ट सांगितली. हातोडीसकट.

"ठावं हाय," ते म्हणाले. "जड फिरत व्हतं, पर फिरत व्हतं की. आणलं तवा मीच फिरवून आणलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी कवा बोलताय, ते बगत व्हतो."

घरातून सुभेदारीणबाई ताक घेऊन आल्या. ते पिऊन मी पुन्हा सांगलीची वाट धरली.

दुसऱ्या खेपेला अण्णांनी सगळं ऐकलं. दोनदा विचारलं, "काडतुसं न्हाईत, व्हय?" मग रिव्हॉल्वर माझ्यापुढे ठेवलं. "काढा. पर काढायच्या आदी एकदा फिरवून दावा. भावाच्या हातातला आवाज लय वर्सांत ऐकला न्हाई."

मी रिकामं असल्याची खात्री केली आणि घोडा ओढला. अण्णा डोळे मिटून मोजत होते, लहानपणच्या कानडीत. "वंदू. यरडू. मूरू." पेढीवरचे हमाल पोत्यांवर हात ठेवून उभे राहिले होते. सहावं घर फिरलं, तरी अण्णांनी लगेच डोळे उघडले नाहीत.

"आता काढा," ते म्हणाले.

साताऱ्याला परतून ते बोट सुभेदारांच्या रिव्हॉल्वरमध्ये बसवायला मला पूर्ण दिवस लागला. हातोडी घेतली नाही. टोकाला कानस फक्त तीनदा लावली. सिलिंडर नीट फिरू लागलं. मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी माझी हातोडी उचलून आपल्या खणात टाकली आणि महिनाभर दिली नाही.

लढाई संपली. पुढच्या साली सुभेदारांचा मुलगा जपान्यांच्या कैदेतून सुटून आला. मी रिव्हॉल्वरला तेल द्यायला त्यांच्या गावी गेलो, तेव्हा तो सोप्यात बसलेला होता. नुसता हाडांचा सापळा. त्यानं हत्यार हातात घेतलं, घोडा एकदा ओढला, दुसऱ्यांदा ओढला आणि थांबला.

"आबा, ह्यो आवाज आपला न्हाई."

"आपलाच हाय," सुभेदार म्हणाले. "एक बोट फकस्त सांगलीचं हाय."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी त्यालाही सगळं सांगितलं. एव्हाना सवय झाली होती.

पुढे या धंद्यात मी चाळीस वर्षं काढली. त्यातून शिकलो ते एवढंच: जुनं हत्यार आलं की आधी रॉकेल, मग धीर. आणि आपल्या हातून मोडलं तर त्याच दिवशी सांगून टाकावं. गिऱ्हाइकाला बहुतेक आधीच माहीत असतं.