शास्त्रविषयक सल्लागार: कै. रेव्हरंड आमोलिक

दुपारी तीन वाजता माझे मामा, रेव्हरंड शद्रख आमोलिक, माझ्या खोलीत येतात आणि पलंगाच्या पायथ्याशी बसतात. मे महिन्यात आम्ही त्यांचं दफन केलं. आता नोव्हेंबर आहे.

मी पूर्ण झोपलेलो नाही. पंखा ऐकू येतोय, खालच्या मजल्यावर शिवणयंत्र चालू आहे. परीक्षणासाठी सिनेमाचा सकाळचा खेळ बघून आलोय, संध्याकाळी पेपरला मजकूर द्यायचाय, मधे जरा पाठ टेकावी एवढाच विचार होता. मामांच्या अंगावर पांढरा झगा आहे. बसल्यावर गादी दबत नाही, हे मी पाहून ठेवतो.

"सलाम, मामा," मी म्हणतो. नगरकडची आमची जुनी मंडळी अजून एकमेकांना सलामच करतात.

ते सलाम घेत नाहीत.

"किती तारे दिलेस?"

"अजून लिहिलं नाही."

"तीन देशील. सगळ्यांना तीनच देतोस तू. उद्या सदोम नगराच्या पापांवर सिनेमा काढला तरी तीन देशील आणि वर लिहिशील, छायाचित्रण उत्तम."

प्रकरण असं आहे. 'सिनायचा शाप' नावाचा साहसपट शुक्रवारी लागला. कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या दगडी पाट्या ठेवलेली सोन्याने मढवलेली पेटी, कुठल्याशा वाळवंटात सापडते आणि तिच्यामागे चांगले-वाईट सगळे लागतात, अशी गोष्ट. जाहिरातीत 'पवित्र शास्त्रातील सत्यावर आधारित' असं छापलंय; शास्त्र म्हणजे आमचं बायबल. सुरुवातीच्या नामावलीत, पाळीव उंट पुरवणाऱ्याच्या खालोखाल, येतं: शास्त्रविषयक सल्लागार, कै. रेव्हरंड शद्रख आमोलिक.

आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, भिंतीवर आजवरच्या प्रत्येक पाळकाच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. मामांची कोरून आलीय. येत्या रविवारी ती बसवायची होती. सिनेमा बघून आलेल्या काहींनी देवळाचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत विचारलं की, ज्या माणसाने देवाच्या कोशाचा बाँब करायला नाव दिलं त्याची पाटी पवित्र स्थानाशेजारी लावायची का? आज संध्याकाळी सात वाजता बैठक आहे. एस्तेरमामी, त्यांची विधवा, काल माझ्याकडे आली होती. "उल्हास, त्यांनी नाही म्हटलं होतं. पेपरात एवढंच छाप," म्हणाली. निर्माता कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला की, फादरनी (ते पाळक होते, फादर नव्हते) पटकथा पूर्ण वाचली आणि आशीर्वाद दिला. दोघांकडेही पुरावा नाही.

म्हणून मी विचारतो. "मामा, तुम्ही शेवट वाचला होता का?"

"आधी तू बघितलास का ते सांग. की मध्यंतरात वडा खायला गेलास?"

पायथ्याशी चादर होती तिथे आता बाकाची पाठ आहे. गीतपुस्तकं ठेवायची खाच तिला आहे, पण समोर सिनेमाचा पडदा आहे. टॉर्च घेतलेला डोअरकीपर दानाची मखमली थैली फिरवतोय आणि लोक तिच्यात अर्धी तिकिटं टाकताहेत. मी माझं टाकतो. मामा थैली पुढे ढकलतात.

पडद्यावर शेवटचा प्रसंग आहे. खलनायक कोश उघडतो. आतून निळा उजेड येतो, शंभरेक शिपाई मेणासारखे वितळतात. नायक डोळे मिटून एक स्तोत्र पुटपुटतो म्हणून वाचतो. मग गोळी लागलेल्या नायिकेचा हात तो झाकणावर ठेवतो आणि जखम भरून येते. थिएटरात शिट्ट्या.

"शिलोहून कोश लढाईवर कुणी नेला?" मामा अंधारात विचारतात. संडे स्कूलमध्ये विचारायचे तसेच, बोट न दाखवता, म्हणजे उत्तर मलाच द्यायचंय.

"इस्राएल लोकांनी. पलिष्ट्यांविरुद्ध."

"का नेला?"

"तो बरोबर असला की आपण जिंकू म्हणून."

"मग?"

"हरले. कोश शत्रूने पळवला."

"हरले!" ते एवढ्या मोठ्याने ओरडतात की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघतात. त्यांना चेहरे आहेत, पण मी कुणालाच ओळखत नाही. "तीस हजार पडले. कोश छावणीत होता, खराखुरा, मोशेच्या हातच्या पाट्यांसकट, आणि तीस हजार पडले. देव पेटीत बसून हुकूम घेत नाही, हे सांगायला शास्त्राने एक अख्खी लढाई खर्ची घातली. आणि यांनी काय केलं? हरलेली लढाई जिंकून दाखवली."

"सिनेमा आहे, मामा. लोक उपदेश ऐकायला आलेले नाहीत."

"मग शास्त्रातील सत्य असं कशाला छापतात? शंभर टक्के मनोरंजन छापा."

"ते माझ्या हातात नाही."

"तुझ्या हातात काय आहे ते सांग एकदा. पंचवीस वर्षं ऐकतोय, हे माझ्या हातात नाही, ते माझ्या हातात नाही. पेन तरी तुझं आहे का, का तेही ऑफिसचं?"

मला राग येतो. झोपेतला राग जाग्यापणीच्या रागापेक्षा स्वच्छ असतो, त्याला आजूबाजूचं काही चिकटलेलं नसतं.

"आणि तुमचं कीर्तन?" मी म्हणतो.

पडदा नाही. देवळामागचं अंगण आहे, सतरंजी अंथरलीय, पेट्रोमॅक्स फुसफुसतोय आणि मामांच्या डोक्यावर फेटा, हातात चिपळ्या. ख्रिस्ती कीर्तनासाठी ते जिल्हाभर जात. दावीद आणि महाकाय गल्याथ यांचं आख्यान लावलं की हिंदू-मुसलमान शेजारीसुद्धा पोरं घेऊन येत.

"तुमचा गल्याथ लढाईआधी सात भाकरी खायचा," मी म्हणतो. "कुठल्या अध्यायात आहेत भाकरी? त्याची आई त्याला सांगायची, बाळा, कानटोपी घाल. आहे शास्त्रात? लोक हसून लोळायचे आणि तुम्ही आणखी एक भाकरी वाढवायचात."

पहिल्यांदाच ते माझ्याकडे नीट बघतात. हसतील असं वाटतं. हसत नाहीत.

"वाढवायचो. पण शेवटी गल्याथ मरायचा ना? गोफणीनेच मरायचा ना? भाकरी मी गल्याथला घातल्या, लेका. देवाला नाही घातल्या. या लोकांनी देवालाच नोकरीवर ठेवलं. मंत्र म्हटला की उजेड पाडायचा, हात ठेवला की गोळी काढायची. यात नि ताईत विकणाऱ्यात फरक दाखव मला."

"एवढं समजत होतं, मग नाव का दिलं?"

चिपळ्या थांबतात.

"नाव त्यांनी लावलं. मी मेल्यावर."

"काम तर जिवंतपणी केलं. शूटिंगला दोनदा गेला होतात. मामीच सांगते, डबा घेऊन गेला होतात."

"कोण विचारतं रे आम्हाला?" आवाज खाली येतो, पण मऊ होत नाही. "चाळीस वर्षं पुलपिटावरून उपदेशात कोश सांगितला. किती हात लांब, किती हात रुंद, झाकणावरच्या करूब दूतांचे पंख कुणीकडे. खाली निम्मे पेंगताहेत. आणि एक दिवस मुंबईहून गाडी भरून पोरं येतात, वह्या उघडून बसतात आणि विचारतात, सर, कड्या किती होत्या? बाभळीचं लाकूड का? दांडे कुठून घालायचे? मी सांगितलं. रंग चुकला होता, बदलायला लावला. पंख चुकले होते, पुन्हा करायला लावले. सगळं बरोबर केलं मी."

"आणि गोष्ट?"

"गोष्ट त्यांनी विचारली नाही."

"तुम्ही सांगितली नाही."

"तू पत्रकार ना? मग न विचारलेलं किती सांगतोस कुणाला?"

हे उत्तर नाही, हे मला कळतं. तेही जाणून आहेत. सगळ्या सिनेमावाल्यांची हीच रीत. कडीचं माप अचूक असतं, म्हणून बघणाऱ्याला वाटतं आतलंही अचूक असेल. पण ते परीक्षणासाठी ठेवतो. मला एकच माहिती हवीय.

"पटकथेचा शेवट तुमच्यापुढे आला होता. वाचलात का? वाचून होकार दिलात की नकार?"

"हो म्हटलं तर छापशील?"

"नाही."

"नाही म्हटलं तर?"

"तेही नाही. तुम्ही हयात नाही आणि मी झोपेत आहे. असली माहिती आमच्याकडे चालत नाही."

"मग विचारतोस कशाला?"

"मला कळायला हवं."

"हे बातमीदाराचं कारण नाही. भाच्याचं आहे." ते फेटा काढून माझ्या मांडीवर टाकतात. "आणि भाचा म्हणून तू कधी आलास? आजारात दोनदा. दोन्ही वेळा घड्याळ बघत होतास. चल, ऊठ. आलायस तर कामाला लाग."

फेट्याच्या जागी माझ्या मांडीवर दोर आहे. गावाबाहेरची दगडाची खाण आहे, तिथेच सिनेमावाल्यांनी सिनाय पर्वत उभा केला होता. वर कडक ऊन, खाली चुन्यासारखी धूळ, उंच लोखंडी शिडीवर दिवे आणि छत्रीखाली एक सहायक दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडतोय, "लेवी लोक, कोश उचलणारे, जागेवर!" त्याच्या शेजारी एस्तेरमामी डबा घेऊन बसलीय. ती आमच्याकडे बघत नाही.

मधोमध कोश आहे. प्लायवूडचा, सोनेरी रंग दिलेला. पंख बरोबर आहेत.

"गाडीवर ठेवूया की," मी म्हणतो. बाजूला खरोखर एक बैलगाडी उभी आहे, नवी कोरी.

"गाडी ही पलिष्ट्यांची अक्कल. हा खांद्यावरच जातो. दांडा घे."

ते पुढे, मी मागे. इतर दोघे कोण आहेत ते दिसत नाही, फक्त त्यांचे पाय दिसतात, अनवाणी. आम्ही उचलतो. पेटी हलकी आहे, रिकाम्या खोक्यासारखी.

"यात काही नाही," मी म्हणतो.

"मलाही उचलताना असंच वाटलं होतं."

आम्ही उतारावरून चालू लागतो. चार पावलांत दांडा खांद्यात रुतायला लागतो. आणखी थोडं पुढे गेल्यावर मला मान वळवता येत नाही. पेटी तीच आहे, प्लायवूड तेच, पण वजन दगडाचं आहे. मामांचा झगा पाठीला चिकटलाय. मला त्यांचा चेहरा दिसत नाही.

"यिर्मया संदेष्ट्याने काय सांगितलंय कोशाबद्दल?" ते धापा टाकत विचारतात. या अवस्थेतही परीक्षा.

"असे दिवस येतील की त्याची कुणाला आठवण होणार नाही. कुणी तो शोधणार नाही. पुन्हा कुणी बनवणार नाही."

"कुणी बनवणार नाही." ते थुंकतात. "आणि मी सुताराला माप देत बसलो."

"मामा, शेवट वाचलात का?"

"उतार संपू दे."

"आता सांगा. सात वाजता बैठक आहे. मामीला काय सांगू?"

"तिला माहीत आहे."

"ती म्हणते तुम्ही नाही म्हटलंत."

"ती माझी बायको आहे. ती आणखी काय म्हणेल?"

आता मला त्यांचा खरोखर तिरस्कार वाटतो. मेल्यावरही हा माणूस सरळ उत्तर देणार नाही. मी तसं म्हणतोही. "तुम्हाला पाटी हवीय आणि जाबही द्यायचा नाही."

"पाटी मला दिसत नाही रे," ते म्हणतात. "तिला दिसते. दर रविवारी तिला त्या भिंतीसमोर बसायचंय."

पुढच्या अनवाणी पायाखालचा दगड निसटतो. कोश कलतो. सोनेरी झाकण माझ्याकडे सरकायला लागतं आणि माझा डावा हात आपोआप वर जातो, आधार द्यायला. शास्त्रात उज्जाने हेच केलं होतं. बैल ठेचाळले, कोश कलला, त्याने सावरायला हात लावला आणि जागच्या जागी मेला.

"हात लावू नकोस!" मामा ओरडतात. ते वळलेत. चेहरा दिसतो, आजारातला नाही, त्याच्या आधीचा, लालबुंद, संतापलेला. "पडतोय तर पडू दे! तुला कुणी सांगितलं सावरायला? पडू दे म्हणतो ना!"

पंखा चालू आहे. शिवणयंत्र थांबलंय. माझा डावा हात हवेत आहे.

मी शर्ट काढून आरशात बघतो. उजव्या खांद्यावर, मानेपासून जरा खाली, बोटभर रुंद लाल वळ आहे. मधोमध कातडी खरचटलीय आणि पाणी लागल्यावर चुरचुरते. गादी कापसाची आहे आणि मी उताणा झोपलो होतो. माझी बायको प्रेमला चहा घेऊन येते, वळ बघते. "कुठे आपटलास?" विचारते. मी माहीत नाही म्हणतो, आणि ते खरं आहे.

साडेपाचला मजकूर दिला. परीक्षणात लिहिलं की, चित्रपटातली कोशाची मापं शास्त्राबरहुकूम आहेत आणि कोशाचा अर्थ शास्त्राच्या नेमका उलट आहे. तारे दिले नाहीत. उपसंपादकाने विचारलं, राहिले का? मी म्हटलं, नाही. वेगळ्या चौकटीत बातमी दिली. तिच्यात इतकंच आहे: नामावलीत रेव्हरंड आमोलिक यांचं नाव आहे. त्यांनी पूर्ण पटकथेला संमती दिली होती, असं कंपनी म्हणते. त्यांनी नकार दिला होता, असं त्यांच्या पत्नी म्हणतात. दोन्हींची खातरजमा होऊ शकलेली नाही. खाली, बातमीदार हा त्यांचा भाचा आहे, असंही लिहिलं.

मामीला फोन करून बातमी वाचून दाखवली. ती शेवटपर्यंत ऐकून घेते आणि म्हणते, "म्हणजे तू काहीच म्हटलं नाहीस." मग फोन ठेवते.

बैठक सातला सुरू झाली. सव्वाआठला मी देवळात पोहोचलो, तेव्हा वेस्ट्रीचं, म्हणजे पाळकांच्या खोलीचं, दार आतून बंद होतं, आत एकाच वेळी दोघं-तिघं बोलत होते आणि मामी बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मी शेजारी बसलो. तिने सरकून जागा दिली नाही. हे लिहितोय तोवर दार उघडलेलं नाही.