गौर कोण आणणार?

माझी पाळी गेली, असं मी त्या वर्षी पावसाळाभर सगळ्यांना सांगत सुटले होते. कित्येक महिने तिचा पत्ता नव्हता. मग हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन चक्क पांढरी सलवार घेतली आणि मैत्रिणींसमोर मिरवली. मध्येच घामाने निथळायचे, मध्येच रडू यायचं, पण ते मी निवृत्तीच्या खात्यात टाकलं.

गणपती जवळ आले आणि माझी बुद्धी फिरली. लग्न झाल्यापासून दर वर्षी मी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेत आले. लालबागच्या आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या बायका घेतात. श्रावण संपला की केमिस्ट न विचारताच पाकीट पुढे सरकवतो. तर त्या वर्षी मी न येणारी पाळी पुढे ढकलली. कशाला? न जाणो, आलीच तर!

आलीच. गोळ्या चालू असताना, ऐन गौरीच्या सकाळी.

बाथरूममध्ये मी नुसती बघत उभी. पाळी म्हणावी, तर ना कंबर दुखत होती ना पोट. पाळी नाही म्हणावी, तर हे काय होतं? मागची राहिलेली, पुढची लवकर आलेली, की गोळ्यांवर चिडलेली? बाहेर आरतीचं ताट घेऊन नवरा ताटकळत होता.

आमच्या घरची रीत अशी : गौर म्हणजे तेरड्याची जुडी. ती सुपात ठेवून तळमजल्यावरच्या नळापासून वर आणायची, आणि आणणारी सवाष्ण हवी. सासरे गेल्यापासून सासूबाई सुपाला हात लावत नाहीत. नणंद विरारहून संध्याकाळी येणार. शेजारणी आपापल्या गौरीत. उरले मी.

दार किलकिलं करून मी सासूबाईंना हाक मारली.

"काय झाला गो?"

"आई, आली."

"कोण इली?"

"पाळी."

"तुझी गेली मा?"

"गेली होती."

"गेल्ली परत येता?"

"मला काय माहीत! तुमची आली होती का?"

सासूबाईंनी बोटांवर वर्षं मोजली. "माझी... एकदा वाटला गेली. मगे इली, ती थांबाचा नावच नाय. तेवा कोणाक सांगूचा?"

"मग आता ही पाळी धरायची की नाही?"

"गोळ्ये घेतलेलंस?"

"घेतलेल्या."

"मगे खरी नसतली." दाराच्या फटीतून डोकावत त्या म्हणाल्या, "पण रगत तर खरा आसा."

नवरा बाहेरून ओरडला, "अगं, नक्की ठरलं काय?"

"गप रे तू!" आम्ही दोघी एकदम.

सासूबाईंनी पदर खोचला. "मी आणतंय गवर."

"आई, पण तुम्ही..."

"तू अशी, मी अशी. तिका काय खाली नळावर बसवून ठेवतलंस?"

आणि गेल्या की! कण्हत, एकेक पायरी मोजत वर आल्या तेव्हा कपाळावर घाम आणि हातात सूप. उंबऱ्यात नवऱ्याने कुंकवात बोट बुडवलं आणि ते हवेतच राहिलं. आणणारीच्या कपाळाला लावतात, पण आईच्या? सासूबाईंनी पाऊल पुढे केलं. "पायाक लाव." त्याने लावलं.

गौरीला प्रश्न विचारायचा मान घरातल्या बाईचा. शिवायचं नव्हतं, पण आवाजाला कसला विटाळ? मी मोरीजवळून खड्या आवाजात विचारलं, "गौरी, काय घेऊन आलीस?"

आणणारीने द्यायचं उत्तर ठरलेलं असतं : धनधान्य, सुखसमृद्धी. सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "दम लागलो. पयला पाणी दे."

माझा हात तांब्याकडे गेला आणि थबकला. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनीही तांब्याकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"ती पाळी आसा काय नाय, ता उद्या डाक्टर सांगतलो," त्या म्हणाल्या. "तू पाणी दे."