दोन खोल्यांचं क्वार्टर

उस्मानपुऱ्यात माझ्या शेजारी राहणारे साहेब नायब तहसीलदारापासून आयुक्तपदापर्यंत चढले. पण बढत्यांचं विचारलं, की हातानं हवेत खोल्या आखत घरांबद्दलच बोलतात. "बंगले मोठे होत गेले आणि माझं घरी असणं कमी," असं मध्येच म्हणतात.

परवा वेरूळहून परतताना त्यांनी मला एका गावात गाडी थांबवायला सांगितली. तिथं त्यांचं पहिलं सरकारी क्वार्टर होतं. दारातल्या बाईला त्यांनी आपलं पद सांगितलं नाही. "लग्न झाल्यावर आम्ही इथं राहायचो," एवढंच म्हणाले.

"मग या की, काका! घर तुमचंच हाय," म्हणत ती पाणी आणायला आत गेली.

साहेब बाहेरच्या खोलीत उभे राहिले. दुपारचं ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं. त्यांच्या पत्नीला जाऊन तीन वर्षं झालीत. किंचित मान वळवून, रोजच्या आवाजात ते म्हणाले, "अगं, ऐकतेस का?"

"व्हय काका, आले!" आतून उत्तर आलं.

साहेबांनी डोळे मिटले. पाणी घेऊन ती समोर उभी राहिली, तरी त्यांनी ते लगेच उघडले नाहीत.