मोटर काढलेली असताना ऐकू आलेलं पाणी

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. गल्लीत कोणाला काही ‘दिसलं’ की मी आधी विचारते, बीपी तपासलं का? त्यामुळे हे लिहायला मला जरा जडच जातंय. पण घडलं तसं सांगते, मीठ-मसाला न लावता.

मी धुळ्यात देवपूरला राहते. घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान आहे. मुलगी नोकरीला बंगळुरूला. मिस्टर वारले त्याला आता चौथं वर्ष. त्यांची केळीची बाग रावेरजवळ, ती आता आबा बघतात. आबा म्हणजे मिस्टरांचे चुलते. मळ्यापासून जवळच त्यांचं घर आहे.

मिस्टर असतानाची एक सोय होती. मोटर चालू आहे की नाही हे घरबसल्या कळावं म्हणून त्यांनी आपला जुना बटणांचा फोन मळ्यातल्या शेडमध्ये टांगून ठेवला होता. त्या फोनात समोरून कॉल आला की तो आपोआप उचलायची सेटिंग होती. मात्र इअरफोन लावलेला असेल तरच. म्हणून इअरफोन कायम खोचलेला, आणि त्याचा माइक हौदाकडच्या खिडकीच्या गजाला बांधलेला. मी इकडून दोन नंबरचं बटण दाबून धरायचं, की शेडमध्ये फोन उचलला जायचा आणि हौदात पडणारं पाणी ऐकू यायचं. पाणी ऐकलं की कट करायचं. आमच्याकडे बरेच जण असलं काही ना काही जुगाड करतात.

ते गेल्यावर मी कट करणं सोडलं. दुपारी दुकान बंद असतं, उन्हात कोणी येत नाही. फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवायचा आणि आपली कामं करायची. घरात काहीतरी आवाज असलेला बरा, एवढंच.

या उन्हाळ्यातली गोष्ट. शेतीची लाइट त्या आठवड्यात दिवसा होती. नेहमीप्रमाणे फोन लावला, पाण्याचा आवाज सुरू झाला, मी भांडी विसळत होते. मध्येच पाणी थांबलं. लाइट गेली असणार. मी हात पुसून कट करायला गेले, तर कोणीतरी घसा खाकरला.

“गेली लाइट,” पलीकडून आवाज आला.

“आबा, तुम्ही का?” मी विचारलं.

“जेवली का वं?”

देवपुरात मला असं रावेरकडचं ‘वं’ म्हणणारं कोणी नाही. मी म्हटलं, “नाही अजून.”

“मग कव्हा जेवशील?”

“एकटीसाठी काय मांडायचं? सकाळची पोळी आहे, चटणी आहे.”

हे मी कोणालाच सांगत नाही. मुलीला फोनवर रोज वरण, भात, भाजी असं सगळं सांगते. इथे मात्र तोंडातून निघून गेलं.

“कोरडी नको खाऊ. तेल घे वरून,” तो आवाज म्हणाला. “न् बसून खाय. उभ्या उभ्या खाती तू.”

मग पाणी परत सुरू झालं, त्यात पुढचं काही ऐकू आलं नाही, आणि कॉल कट झाला.

मी ताट घेतलं, बसले, जेवले. जेवताना लक्षात आलं... मी उभ्याने खाते हे आबांना कसं माहीत? आणि शेडमध्ये इअरफोन कानात घातल्याशिवाय माझं बोलणं ऐकू येणारच कसं?

लगेच आबांच्या फोनवर फोन लावला.

“आबा, शेडमध्ये आहात का?”

“शेडमधी काय करू माय? मी रावेरला हाये, मोटरवाल्याकडे.”

“मोटरवाल्याकडे कशाला?”

“मोटर जळाली. काढून आणली गेल्या हप्त्यात. तू घोर लावून घेशील म्हणून बोललो नाही. शेजारच्याचं पाणी घेतलं बागेला, केळी चांगली हाये.”

“आणि तो फोन?”

“तो बी तव्हाच घरी आणला. बॅटरी फुगली व्हती त्याची, काढून ठेवली.”

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी एसटीने रावेर गाठलं, तिथून मळ्यात. शेडला कुलूप. खिडकीतून पाहिलं, फोनचा खिळा रिकामा. हौद कोरडा ठणठणीत, तळाला कडुलिंबाचा पाला. आबांच्या घरी स्टीलच्या डब्यात फोन, इअरफोन आणि बॅटरी वेगवेगळी ठेवलेली.

“तू त पोलिसासारखी आली वं,” आबा हसले. मी काय ऐकलं ते सांगितल्यावर हसायचे थांबले.

तिथूनच मुलीला फोन केला. तिचं म्हणणं, नंबर दुसऱ्या कोणाला गेला असेल. म्हणून मी डब्यातल्या फोनमधलं सिम आबांच्या मोबाइलमध्ये घालून माझ्या फोनवरून लावून पाहिलं. तिथेच वाजलं. नंबर आमचाच आहे. माझ्या फोनमध्ये त्या दुपारचा कॉल दिसतो, आणि त्या आधीच्या सगळ्या दुपारींचेही. मोटर नव्हती, हौदात थेंब नव्हता, त्या दिवसांतसुद्धा मी रोज पाणी ऐकत होते.

आता दुरुस्त मोटर बसली आहे. नवीन स्टार्टर मेसेज पाठवतो, ‘मोटर सुरू’. आबांनी विचारलं, “त्या फोनला दुसरी बॅटरी टाकून परत टांगू का? तुला सवय हाये.”

मी थोडा विचार केला. बॅटरी टाकली की फोन नीट चालणार. नीट चालला की त्यात फक्त आमची मोटर आणि आमचा हौद ऐकू येणार.

“नको आबा,” मी म्हटलं. “सिम घालून तसाच राहू द्या डब्यात. बॅटरीशिवाय.”

रोज दुपारी मी एकदा लावते. फोन बंद असल्याचं ती बाई मराठीत सांगते, मग हिंदीत, मग इंग्रजीत. मी तिचं पूर्ण होऊ देते. अजून तरी त्यापुढे काही आलेलं नाही.

हे काय होतं ते मला सांगता येत नाही. इथे बऱ्याच जणांना फोनमधलं, नेटवर्कमधलं कळतं, त्यामुळे कोणी ना कोणी खुलासा करेलच. जरूर करा, बाकीच्यांना उपयोग होईल. मी तेवढ्या प्रतिक्रिया वाचणार नाही.